हाताला लागेल एवढा उंचवटा

गल्लीत त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठ वळली की ओळंबा. दोरीला बांधलेलं लोखंडी वजन असतं ना, गवंडी जे भिंतीला लावून बघतो, भिंत सरळ आहे की पोट काढून उभी आहे, तो ओळंबा. मिस्त्री माणसांनाही तसंच लावून बघायचा आणि बहुतेक माणसं त्याला वाकडीच दिसायची. सगळ्यात वाकडी दिसायची ती त्याची धाकटी मुलगी. कारण ती वायरमन झाली होती.

गवंडी आणि वायरमन यांचं का पटत नाही, हे ज्याने घर बांधताना जवळून पाहिलंय त्याला सांगायला नको. गवंडी मान मोडून भिंत गुळगुळीत करतो. ती वाळते न वाळते तोच वायरमन छिन्नी-हातोडा घेऊन हजर. तिच्या छाताडात झिरी मारतो, म्हणजे वायर पुरायला वरपासून खालपर्यंत चर खणतो, मग दोन बोटं सिमेंट फासून तो चर बुजवतो आणि हात झटकून चालू लागतो. मालक येतो, तो ओरखडा बघतो आणि शिव्या देतो. कोणाला? गवंड्याला. मिस्त्रीने अशा शिव्या उभं आयुष्य खाल्ल्या होत्या. ज्या बंगल्यांच्या भिंती त्याने काचेसारख्या केल्या, त्याच बंगल्यांत भिंती वाळल्यावर त्याला पाणी दाराबाहेर मिळालं होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. रागवायचा तो फक्त वायरमनवर. मोठ्यांवर रागवायची सोय नसली की माणूस शेजारच्यावर रागावतो. सगळीकडे असंच चालतं.

पण एक भिंत त्याने स्वतःसाठी केली होती. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत दाराच्या समोरची भिंत. वरचा हात नीरूचा, म्हणजे लोण्यासारख्या गाळलेल्या चुन्याचा, आणि तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटून घोटून असा चकचकीत केलेला, की दारातून येणाऱ्याला आधी स्वतःची सावली भेटायची. गल्लीतले लोक तिला आरसा म्हणत. त्या भिंतीवर कॅलेंडर नाही, फोटो नाही, खिळा तर नाहीच नाही. रोज सकाळी चहा झाला की मिस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत जायचा, आणि मगच चपला घालायचा.

धाकटी लहानपणी त्या हाताकडे बघत बसायची. आपल्या डोक्यावरून तो कधी इतक्या सावकाश फिरला नाही, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

आता आईचं. आई काज करायची. हाताने. बाजारातला टेलर भारीतले शर्ट शिवायचा आणि त्यांची काजं मशीनवर न करता आईकडे पाठवायचा, कारण आईचं काज म्हणजे काज होतं. टाका टाक्याला लागून, कड दोऱ्यासारखी गोल, बटण जाताना अडायचं नाही आणि गेलं की सुटायचं नाही. मिस्त्रीच्या घरात हे एकच काम होतं ज्याला मिस्त्रीने कधी ओळंबा लावला नव्हता, कारण त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. बाई शिवतेय म्हणजे शिवतेय. त्यात बघायचं काय?

ती बसायची आरशाच्या भिंतीला पाठ न टेकता, तिच्या कडेच्या खिडकीपाशी. मग खिडकीबाहेर शेजाऱ्याने मजला चढवला आणि खिडकीत उजेडाऐवजी विटा आल्या. घरात बोर्ड एकच, दारापाशी. आईने टेबललॅम्प आणला, दारापासून खिडकीपर्यंत खोलीभर वायर पसरली, आणि एके दिवशी हातात भाजीचं पातेलं असताना तिच्यात पाय अडकून आई पडली. मनगट मोडलं.

"घरात एवढा मोठा प्लास्टरवाला," दवाखान्यातून आल्यावर आई म्हणाली, "आणि प्लास्टर करायला मला बाहेर जावं लागलं."

मिस्त्री हसला नाही. धाकटी तेव्हा म्हणाली होती, की भिंतीतून वायर नेऊन खिडकीपाशी दिवा लावून देते. मिस्त्री म्हणाला, "त्या भिंतीला छिन्नी लावायची असेल तर आधी माझ्या टाळक्यात घाल." बरं, झिरी नको, वरूनच पट्टी मारून नेते, चार स्क्रू लागतील. "आरशाला पट्टा बांधणार? कुत्रा आहे का तो?" मग त्याने प्रश्न स्वतःच सोडवला. लॅम्पची वायर गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. आता पायात काही येत नव्हतं. दिसतही काही नव्हतं. भिंत गुळगुळीत राहिली पाहिजे, माणूस ठेचकाळला तर ठेचकाळला. अशी घरं तुम्ही पाहिली नसतील तर तुमच्या घरातल्या बाईला विचारा.

मनगट सांधलं. आई पुन्हा काजाला बसली. आणि टेलरकडून पहिल्यांदा गठ्ठा परत आला.

"काकू," टेलर म्हणाला होता, आणि ते काकू म्हणतानाही त्याला लाजच वाटत होती, "गिऱ्हाईक काज बघून कापड परत करतं हो. अजून एक गठ्ठा देतो. तो नीट झाला तर बरं, नाहीतर मला मशीनवाल्याकडे जावं लागेल. माझाही नाइलाज आहे."

आईने हे मिस्त्रीला सांगितलं नाही. धाकटीला फोन केला.

"तुझे बाबा आत्याकडे चाललेत. तिच्या स्वयंपाकघरातला ओटा करायला. उद्या सकाळी निघतील, आठवडा काही येत नाहीत."

"बरं."

"बरं काय बरं? पेटी घेऊन ये. टेलरचा गठ्ठा घरात पडलाय आणि मला सुईचं नेढं दिसत नाही. हे काम गेलं ना, तर मी ह्या घरात नुसती भाकरी थापायला उरले. समजलं?"

धाकटीला समजलं. ती बाजारामागे एका खोलीत एकटी राहायची, एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून कामं करायची, आणि वर्षानुवर्षं लोकांच्या घरी गेल्यावर "वायरमन कुठंय?" हा प्रश्न ऐकून ऐकून तिने आता उत्तर देणंही सोडलं होतं, सरळ शिडी उघडायची. पण आईच्या घरी शिडी उघडायला तिला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी ती आली ती एक भेंडोळं घेऊन. मध्यंतरी एका ऑफिसात तिच्या दुकानाने काम केलं होतं, तिथल्या साहेबाला भिंत फोडायची नव्हती आणि वायर दिसायलाही नको होती. तेव्हा दुकानदाराने ही चपटी वायर मागवली होती. उरलेलं भेंडोळं धाकटीने मागून घेतलं.

आईने ते बोटात धरलं. "ही वायर? ही तर लेस आहे लेस. परकराला लावायची."

"तांबं आहे आत. पत्र्यासारखं ठोकून पातळ केलेलं."

"आणि भिंत?"

"भिंतीला हात नाही लावायचा. गोंदाने चिकटवायची, वर जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर रंग. दिसणारही नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. "दिसणार नाही. पण ते बघत नाहीत गं, ते हात फिरवतात."

हे धाकटीला सांगायची गरज नव्हती. तिने मान डोलावली आणि मेन स्विच पाडला.

ती वायर अशी होती: चार बोटं रुंद, पोस्टकार्डाएवढी जाड. आत एकावर एक थर: मधोमध तांब्याची करंटची पट्टी, तिच्या वर आणि खाली परतीच्या पट्ट्या, आणि त्यांच्याही बाहेर, वरखाली, अर्थिंग. पट्ट्यांच्या मध्ये न फाटणारा कागदासारखा पडदा. उद्या कोणी तिच्यात खिळा ठोकलाच तर तो खिळा आधी अर्थिंगला लागणार, मग परतीला, आणि सगळ्यात शेवटी करंटला. तिन्ही एकमेकांना भिडले की दारापाशी लावायच्या डबीतला स्विच जागच्या जागी पडणार. माणूस वाचणार. हे दुकानदाराने तिला दहादा सांगितलं होतं, आणि शेवटी हेही म्हणाला होता, की पण ठोकायची वेळ आणू नकोस.

म्हणून कामाचा एक नियम होता, आणि तो चपट्या काय, गोल काय, सगळ्या वायरींना लागू होता. वायर तिरकी न्यायची नाही. बोर्डापासून सरळ वर, छताखालून आडवी, आणि दिव्यापाशी सरळ खाली. मग पुढे कधीही, कोणीही, दिवा बघूनच सांगू शकतो की वायर कुठे असेल. भिंतीच्या पोटात काय आहे हे भिंतीच्या बाहेरून कळलं पाहिजे, यालाच वायरिंग म्हणतात. बाकी नुसतं तांबं पुरणं.

भेंडोळं उलगडलं तेव्हा ते छताखालून फिरून यायला पुरणार नव्हतं. तिने तळहाताने मापून पाहिलं, पुन्हा पाहिलं. दुकानातून अजून मागवायचं तर आठवडा तिथेच संपला. मग तिने दाराकडून खिडकीकडे पाहिलं. कोपरा ओलांडून खांद्याच्या उंचीवरून तिरकी नेली तर पुरत होती, वर वीतभर उरतही होती.

आणि तिने स्वतःला सांगितलं, की ही भिंत वेगळी आहे. या भिंतीत खिळा ठोकायची हिंमत कोणाची? मिस्त्री आहे तोवर कोणाची नाही. ती लहानपणापासून ज्या भीतीवर चिडत होती, त्याच भीतीवर भरवसा ठेवून तिने वायर तिरकी चिकटवली.

काम चांगलं झालं. कोपऱ्यात वायर तिने कागदासारखी घडी घालून वळवली, बोटाच्या नखाने दाबली. जाळी लावली. पुट्टी मात्र तिला जमायची तेवढीच जमली. वायरमनच्या हाताला पुट्टी म्हणजे आपला गुन्हा झाकायची चिखल-माती, त्याहून जास्त तिने तिला कधी मान दिला नव्हता. घासली, रंग दिला. दारातून बघितलं तर काही दिसत नव्हतं. मग तिने डोळे मिटले आणि बाबांसारखा तळहात फिरवला. तळहात त्या पट्ट्यावर होडीसारखा वर चढला आणि खाली उतरला.

"कळेल," ती म्हणाली.

"कळू दे," आई म्हणाली. "आधी दिवा लाव."

दिवा लागला. भिंतीवरून मान वाकवून खाली बघणारा साधा दिवा, आईच्या मांडीवर बरोबर ताटाएवढा उजेड पाडणारा. आईने सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठात धरलं आणि पहिल्याच झटक्यात ओवलं. मग तिने टेलरचा गठ्ठा सोडला. धाकटी पेटी भरत होती तोवर दोन काजं झालीही होती, आणि आई नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती, जे धाकटीने मनगट मोडल्यापासून ऐकलं नव्हतं.

पुढचे दिवस धाकटीचे बरे गेले. रोज संध्याकाळी आईचा फोन: गठ्ठा अर्धा झाला, गठ्ठा संपत आला. बाबा आल्यावर काय सांगायचं ते ठरवायचं राहूनच जात होतं.

आणि ज्या दिवशी मिस्त्री परत यायचा होता, त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला.

"ऐक, घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही."

ज्या फोनची सुरुवात अशी होते तो ऐकून कोण घाबरत नाही? "काय केलंस?"

"खिळा ठोकला."

धाकटी शिडीवर होती. ती खाली उतरली. "कुठे?"

"भिंतीत. अगं, कात्री सारखी खाली पडते, मग मी वाकते, शोधते. म्हटलं, ते येतील आज, मग कधीच व्हायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मला ह्या भिंतीत एक खिळा हवा होता. एकच! तर पहिल्याच घावाला फट् झालं, दिवा गेला, सगळंच गेलं. पंखासुद्धा."

धाकटी ज्या घरात काम करत होती तिथल्या बाईंना काहीतरी कारण सांगून ती निघाली.  डबीतला स्विच वेळेवर पडला म्हणून आई फोनवर बोलत होती. तिने जो नियम मोडला होता तो मिस्त्रीच्या धाकावर विसंबून मोडला होता, आणि त्या घरात एक माणूस असं होतं ज्याला भिंतीची फिकीर नव्हती, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला कोण धरतं हिशेबात! बाबांनी नाही धरलं, आणि बाबांवर इतकी वर्षं दात खाणाऱ्या लेकीनेही नाही.

घरी पोचल्यावर तिने आईचे हात उलटेपालटे करून बघितले.

"लाकडी दांड्याचा हातोडा होता गं. काही झालं नाही. बस, चहा करू?"

"चहा नको. मला सांगून ठोकायचास ना!"

"तू मला सांगितलं होतंस का, वायर कुठून गेलीय ते? म्हणालीस, दिसणार नाही. मग मला कशी दिसेल?"

  धाकटीने मेन पाडला, पक्कड घेऊन खिळा उपटला आणि पुट्टी खरवडायला लागली. जळालेला तुकडा काढून तिथे जोड द्यावा लागणार होता. आरशाच्या भिंतीत आता खिळ्याचं एक भोक होतं, भोकाभोवती काळा डाग, डागाभोवती खरवडलेली पुट्टी, आणि त्यातून उघडी पडलेली तांबूस पट्टी.

आणि दारात मिस्त्री उभा होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात थाप्या गुंडाळलेलं फडकं.

 मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली. चपला काढल्या. भिंतीपाशी आला आणि अलीकडच्या टोकाला तळहात टेकवला. मग चालू लागला, रोजच्यासारखा, सावकाश. हात कोपऱ्यापाशी वर चढला, खाली उतरला. तो थांबला, हात मागे नेला, आणि मग त्या पट्ट्याच्या कडेने, तिरका तिरका, बोटांनी वाचत तो बरोबर खिळ्याच्या भोकापाशी येऊन उभा राहिला. धाकटी बाजूला सरकली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"लिंपण?"

"तेही मीच."

"आणि खिळा?"

"खिळा माझा," आई आतून म्हणाली. ती गॅसपाशी होती, चहाचं आधण ठेवत होती. "काय बोलायचं ते चहा घेऊन बोला. लांबून आलात."

"मी गेलो आठवडाभर," मिस्त्री म्हणाला, "आणि तुम्ही दोघींनी मिळून..."

"दोघींनी नाही," धाकटी म्हणाली.  "आईला वायर कुठून गेलीय ते माहीत नव्हतं. मी तिरकी नेली. वरून न्यायला हवी होती. वायर कमी पडली म्हणून खांद्याच्या उंचीवरून नेली."

"तुमच्यात असंच नेतात?"

"नाही. तुमच्या भिंतीत खिळा कोण ठोकणार, असं म्हटलं मी."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणायला हरकत नाही.

आई बाहेर आली. तिच्या हातात चहाचे कप नव्हते, शर्ट होते. एक परत आलेल्या गठ्ठ्यातला, आणि एक नवा, दिव्याखाली झालेला. तिने ते दोन्ही मिस्त्रीच्या पुढ्यात धरले.

"भिंत बघून झाली ना? आता हे बघा."

"मला काय कळतं त्यातलं?"

"डोळ्यांनी बघू नका. हात लावा."

मिस्त्री बिचकला. मग त्याने अंगठा पहिल्या शर्टाच्या काजावरून फिरवला. थांबला. खालच्या काजावरून फिरवला, त्याच्या खालच्या. आरशाची भिंत वाचणारा तो अंगठा होता. त्याला सांगावं लागलं नाही. टाके कुठे दाटले, कुठे उसवल्यासारखे लांब गेले, कड कुठे बसली, सगळं त्याला लागत होतं. मग त्याने दुसरा शर्ट घेतला. त्याच्यावरून अंगठा एकदाच गेला आणि वरपासून खालपर्यंत कुठे अडला नाही.

"हे दोन्ही तूच केलंस?"

"मीच. तो अंधारातला. हा उजेडातला."

"अंधारातला काय झाला?"

"परत आला. टेलरने शेवटचं सांगितलंय. हा गठ्ठा आज द्यायचाय, त्यातले दोन शर्ट राहिलेत. आता तुम्ही सांगा, मी कुठे बसू?"

  मिस्त्रीने तो शर्ट घडीवर घडी घालून, जपून, आईच्या हातात परत दिला. माफी वगैरे तो बोलला नाही. ते त्याच्या तोंडाला कधीच येत नसे आणि त्या दिवशीही आलं नाही. उगाच कशाला खोटं सांगा?

तो धाकटीकडे वळला. "ती वायर दाखव."

तिने उरलेला वीतभर तुकडा दिला. मिस्त्रीने तो चिमटीत धरून चोळला, डोळ्यासमोर आडवा केला.

"एवढीच?"

"एवढीच."

"आणि एवढ्याशा कागदासाठी हा ढिगारा लिंपलास? हे काय आहे? बांध घातलायस शेताला!"

"मला तेवढंच येतं."

"येत नाही म्हण. येतं म्हणू नकोस." त्याने फडकं सोडलं आणि त्यातली सगळ्यात पातळ थापी काढली. "आत्ता तिला बसण्यापुरतं काय करता येईल?"

धाकटीने तिरक्या वायरचं टोक डबीतूनच कायमचं सोडवलं. मग माळ्यावर चढून जुन्या लॅम्पची वायर काढली. मिस्त्रीने ती भिंतीच्या कडेकडेने जमिनीवर नेली आणि पायात येऊ नये म्हणून वर फळ्या टाकून ठेवल्या. त्या फळ्या त्याला मनगट मोडायच्या आधीही सुचू शकल्या असत्या, हे खोलीतल्या तिघांनाही कळलं, आणि आईने ते बोलूनही दाखवलं. मिस्त्रीने ऐकून घेतलं. दोन शर्ट संध्याकाळच्या आत झाले आणि आई स्वतः गठ्ठा घेऊन गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत नवा गठ्ठा होता, आधीपेक्षा जाड.

"काय म्हणाला?" धाकटीने विचारलं.

"म्हणाला, काकू, डोळ्याचं ऑपरेशन केलंत का?"

नवं भेंडोळं यायला थोडे दिवस गेले. ते आलं तेव्हा धाकटी सकाळीच आली आणि बापलेक कामाला लागले. तिने तिरकी वायर सोलून काढली आणि नवी नियमाने नेली: बोर्डापासून सरळ वर, छताखालून आडवी, दिव्यापाशी सरळ खाली. मिस्त्री शिडी धरून उभा होता. मग शिडीवर तो चढला आणि धाकटीने शिडी धरली.

त्याने बाजारची पुट्टी फेकून दिली, भिजवलेला नीरू आणला. पट्टीच्या कडेला जाड लावायचं नाही, तो म्हणाला, कडेपासून दोन हात लांब सुरू करायचं आणि येत येत चढायचं, इतकं हळू की चढण आहे हे हातालाच पटलं नाही पाहिजे. तो बोलत नव्हता फारसा. "मनगट सैल." "दाबू नकोस." "थापी बोलते, ऐक तिचं." धाकटीच्या हातात त्याने दुसरी थापी दिली तेव्हा तिने ती नीट धरली.

भिंत वाळली, घोटून झाली. मिस्त्रीने चहा घेतला आणि रोजच्यासारखा हात फिरवत निघाला. अलीकडच्या टोकाकडून खिडकीकडे. दिव्याच्या खालून हात गेला आणि कुठेही चढला नाही, कुठेही उतरला नाही. तो परत आला. पुन्हा फिरवला. डोळे मिटून फिरवला.

"सापडत नाही," तो म्हणाला.

"मस्तच झालं की," धाकटी म्हणाली.

"मस्त काय मस्त?" त्याचा चेहरा उतरला होता. तो दिव्याखाली बसलेल्या आईकडे बघत होता. "मला सापडत नाही म्हणजे कोणालाच सापडणार नाही. ही उद्या अजून एक खिळा ठोकेल."

"ठोकेन," आई दोरा तोडत म्हणाली. "एक तर राहिलाच आहे."

"पण दिवा बघून कळतं ना बाबा, वायर सरळ वर..."

"तुला कळतं. तिला कळायला नको?"

मग मिस्त्रीने ते केलं जे त्याने कामाला लागल्यापासून कधी केलं नव्हतं. त्याने बोटभर नीरू घेतला आणि दिव्यापासून छतापर्यंत, वायरीच्या बरोबर मधोमध, एक बारीक रेघ ओढली. दोऱ्याएवढी. थापीने तिच्या दोन्ही कडा मारल्या, वरून घोटली, आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. काही दिसत नव्हतं. आरसा होता तसा होता.

"ये इकडे," तो आईला म्हणाला. "हात लाव."

आई उठली. तिने तळहात भिंतीला लावला. या भिंतीला असा तो तिने कधी लावला नव्हता. हात सरकत गेला आणि दिव्याच्या वर बोटं थांबली.

"हे होय?"

"हेच. डोळ्याला दिसायला नको, हाताला लागू दे. ह्याच्या अलीकडे पलीकडे एक वीत सोडायची. बाकी भिंत तुझी."

आईने वीत मोजली, थोडी सोडली, अजून थोडी सोडली आणि बोट टेकवलं. "इथे."

मिस्त्रीने खिळा आणला. हातोडाही आणला. भिंतीपाशी आला आणि तिथे त्याचा हात काही उठेना. आईने त्याच्या हातातून हातोडा घेतला आणि दोन घावांत खिळा बसवला. मिस्त्री दुसरीकडे बघत होता. धाकटी मात्र बोर्डाकडे बघत होती. स्विच जागेवर होता, दिवा चालू होता.

मग त्या खिळ्याला कात्री आली. पुढे मोजपट्टी आली. पुढे आईचा चष्माही तिथेच लटकू लागला. मिस्त्री रोज सकाळी तळहात फिरवत जायचा, कात्रीपाशी वळसा घालायचा, रेघेपाशी बोटं क्षणभर थांबवायचा आणि पुढे जायचा. धाकटी घरी आली की तो तिला आता कामाचं विचारायचा, अर्थात नावं ठेवायलाच: "आजच्या झिऱ्या कोणाच्या छाताडात मारल्या?" तीही सांगायची.

एकदा त्याच्या बरोबरीचा एक म्हातारा गवंडी आला. आयुष्यभर त्याने मिस्त्रीच्या कामात खोट शोधली होती आणि ती त्याला कधी सापडली नव्हती. आल्या आल्या त्याने, सवयीने, आरशावरून हात फिरवला. दिव्याच्या वर त्याचा हात अडला. त्याने मागे नेला, पुन्हा फिरवला, आणि त्याच्या तोंडावर असं काही हसू आलं, जणू त्याला पेढाच मिळाला.

"ओळंब्या! अरे, म्हातारा झालास! हा बघ, इथे उंचवटा राहिलाय!"

आई दिव्याखाली बसली होती. तिने सुई थांबवली.

"राहिला नाही," मिस्त्री म्हणाला. "ठेवलाय."

आणि तो चहा ठेवायला आत गेला. जाता जाता कात्री खिळ्यावरून हलली होती, ती त्याने सरळ केली.